बरी झाल्यावरची विचारपूस

तेरेक-बुलाक, ७ ऑक्टोबर

विहीणबाई झूरा, सलाम.

तुम्ही, तुमचं घर, तुमचं शिवणाचं मशीन, सगळे सुखरूप असाल. आमच्याकडे माणसं आणि जनावरं दोन्ही ठीक आहेत. ड्रायव्हर सतारच्या गाडीतून लोण्याची बरणी पाठवतेय. झाकण नीट बघून घ्या. मागच्या खेपेला त्याने वाटेत बोट घातलं होतं आणि वर मलाच सांगत होता की यंदा लोणी जरा अळणी आहे. फोनसाठी टेकडी चढावी लागते, माझे गुडघे ऐकत नाहीत आणि तुमच्या लेकीला आता मी चढू देत नाही. तेव्हा पत्रच बरं.

बेगिमाय छान आहे. पाचवा संपत आला, पोट आता दिसायला लागलंय. डोहाळ्यांपुढे मात्र आम्ही हात टेकले. बाईसाहेबांना कच्चे जर्दाळू हवेत! ऑक्टोबरात कच्चे जर्दाळू कुठून आणायचे? माझा लेक तालाय चार घरं हिंडून सुके घेऊन आला, तर म्हणते, हे नकोत, यांना आंबट वासच नाही. शेवटी त्यानेच बसून खाल्ले.

आता रागावू नका, एक तक्रार आहे. लेक तुमची, म्हणून तुमच्यापाशीच करते. परवापासून ही एका हाताने कणीक मळतेय. डावा हात नुसता परातीच्या कडेला ठेवलेला. मी म्हटलं, "अगं, दुसरा हात काय माहेरी विसरून आलीस?" तर हसली आणि मळत राहिली. किटली उचलतानाही तेच. माहेरी फार लाडात वाढलेली दिसते.

खरं काम पुढेच आहे. आमच्या दवाखान्यातली नर्स रायकान घरोघरी सांगत फिरतेय की हिवाळ्याच्या फ्लूची लस आली आहे, म्हाताऱ्यांनी आणि पोटुशींनी आधी घ्यावी. गेल्या हिवाळ्यात मी कशी पडले होते ते तुम्हाला ठाऊक आहे. छाती भरली, श्वास घेतला की बरगड्या दुखायच्या. तेव्हा तुमची लेक नवी नवरी, आणि बसून राहिली माझ्या उशाशी. ती नसती तर आज हे पत्र तुम्हाला आमच्या ह्यांनी लिहिलं असतं, आणि त्यांचं अक्षर तुम्ही बघितलंच आहे.

म्हणून मला वाटतं की बेगिमायला टोचून घ्यावं. तिला म्हटलं, तुझ्या आईला विचारते. तर म्हणाली, "आपा, आईला कशाला विचारता?" असं कसं? पहिलटकरीण तुमची आहे. तुमच्या होकाराशिवाय मी पाऊल उचलायची नाही.

ह्यांनी बाळाच्या मेजवानीसाठी आतापासूनच एक मेंढा वेगळा बांधलाय. त्याला माझ्यापेक्षा चांगलं खायला मिळतं.

तुमची विहीण,
साल्किन


तोकमोक, १३ ऑक्टोबर

विहीणबाई साल्किन, सलाम.

लोणी मिळालं. बोटाची खूण होती. सतारला मी चांगलं फैलावर घेतलं.

माझी लेक माहेरी लाडात वाढली हे खरं आहे. एकच आहे, मग कुणाचे लाड करणार होते? पण तिला एका हाताने कणीक मळावी लागतेय याचा अर्थ मला वेगळा दिसतो. तुमच्या घरी तिला इतकं राबवतात की पाचव्या महिन्यातच हात भरून येतात. सासरे बसलेले, नवरा घोड्यांमागे, आणि चहाच्या वाट्या कोण भरतं? जरा तिला बसू द्या. दोन दिवस कणीक तुम्ही मळलीत तर डोंगर काही खाली येणार नाही.

आणि लशीचं. नको. विहीणबाई, मी हात जोडून सांगते, नको. तुम्हाला घ्यायची तर खुशाल घ्या. बाळ हातात येईपर्यंत माझ्या लेकीच्या अंगाला सुई लागता कामा नये. कारण विचारू नका. तुम्ही समंजस आहात, माझा शब्द राखाल.

सफरचंदं पाठवतेय. लहान आहेत ती आंबट आहेत, तिला द्या. बाळाच्या गोधडीसाठी तुकडे जमवायला लागले आहे. तुमच्याकडे दीर्घायुषी म्हातारी माणसं पुष्कळ, त्यांच्या कपड्यांचे तुकडे मागून पाठवा.

झूरा


तेरेक-बुलाक, ३० ऑक्टोबर

विहीणबाई,

तुमचा शब्द मी मोडलेला नाही. मी बेगिमायला दवाखान्यात नेलं नाही, रायकानला तिच्याजवळ सुई घेऊन येऊ दिलं नाही. निश्चिंत असा.

मी मात्र घेतली. म्हटलं, आधी मलाच होऊ दे काय व्हायचं ते. मला काही नाही झालं तर झूराशी पुन्हा भांडायला तोंड राहील. रायकानने डाव्या दंडावर टोचलं, जरा वेळ बाकावर बसवून ठेवलं आणि म्हणाली, "हात दुखेल, एखाद-दुसरा दिवस कणकण वाटेल. घाबरू नका, तो फ्लू नव्हे." मी घाबरले नाही. पण घरी ह्यांना कोण सांगणार?

रात्री अंग जरासं तापलं. एवढंच! पण ह्यांनी कपाळाला हात लावला आणि त्यांचं धाबंच दणाणलं. गेल्या वर्षीची मी त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिले असणार. मी झोपेत असताना हे बाहेर गेले आणि तो बाळाचा मेंढा कापला. हो, तोच! ओल्या गरम कातड्यात आजाऱ्याला गुंडाळलं की आजार ओढला जातो ना, म्हणून. मी जागी झाले ती मेंढ्याच्या वासात. ओरडून ओरडून सांगतेय, "अहो, मला काही झालेलं नाही, सोडा मला," आणि हे कातडं आवळताहेत आणि म्हणताहेत, "बघ, बडबडायला लागलीस, ताप डोक्यात गेला." तालाय दाराशी उभा राहून हसतोय. बेगिमाय तोंडावर डोक्याचा रुमाल धरून बाहेर पळाली.

सकाळी मी ठणठणीत. मेंढा मात्र गेला. एवढं मांस घरात ठेवून काय करणार? ह्यांनी वाटलं. आणि वाटताना सांगत सुटले, साल्किन मरणाच्या दारातून परत आली. झालं! अख्खं गाव विचारपूस करायला लोटलं. शेजारची बात्मा तर दारातूनच रडत आली. मी तिच्यासाठी चहा करत होते, तर मला म्हणते, "तू पडून राहा गं, मी तुला बघायला आलेय." काय करता, पडले.

कणकेबद्दल लिहिलं होतं ते परत घेते. हात दुखतो तेव्हा दुखतो. सध्या कणीक मीच मळते.

तुकडे पाठवतेय. निळा मखमली तुकडा बात्माच्या सासूच्या कोटाचा आहे. ती नव्वदीतही घोड्यावर बसायची.

साल्किन


तोकमोक, ५ नोव्हेंबर

विहीणबाई,

पत्र वाचून इतकी हसले की मशीन थांबवावं लागलं. समोर बसलेली गिऱ्हाईक बाई विचारायला लागली, काय झालं. तिलाही वाचून दाखवलं. आता निम्म्या तोकमोकला तुमचा मेंढा माहीत आहे.

तुम्ही माझा शब्द राखलात. कारण विचारू नका म्हटलं होतं, पण ज्या बाईने माझ्यासाठी कातडं पांघरलं तिच्यापासून लपवणं बरं दिसत नाही. बेगिमायच्या आधी माझ्या पोटी एक बाळ राहिलं होतं. मुलगा होता. सातव्यात गेला. त्याच आठवड्यात दवाखान्यात मला एक इंजेक्शन दिलं होतं. कसलं होतं ते मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही, तेव्हा कोण विचारायचं? डॉक्टरीण म्हणाली, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. सासू म्हणाली, आहे. डॉक्टरीण निघून गेली आणि सासू जन्मभर घरात होती. खरं काय ते मला आजही ठाऊक नाही. पण सुई म्हटलं की मला तो आठवडा आठवतो. बेगिमायला मी हे कधी सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

तुमची तब्येत चांगली राहिली याचा आनंद आहे. हिवाळाभर अशीच राहो.

गोधडीचा मधला चौकोन निळ्या मखमलीचा केलाय.

झूरा


तोकमोक, ६ डिसेंबर

साल्किन,

महिना झाला, तुमचं पत्र नाही. घाट बर्फाने बंद आहे हे मला कळतं. पण काल सतार भेटला. घाट बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या खेपेला तो तुमच्या दारावरून गेला होता. म्हणाला, धुराड्यातून धूर होता पण अंगणात माणूस नव्हतं, बात्माने सांगितलं की घरात सगळे फ्लूने पडलेत. सगळे म्हणजे कोण? हे त्या गाढवाने विचारलं नाही!

सातवा लागलाय तिला. सातवा.

तुमच्या त्या विचारपुशीला आग लागो. गावभरचे लोक येऊन बसतात, एका वाटीत पितात, गळ्यात पडतात, आणि त्यांना वाट्या भरून कोण देतं? माझी लेक. तिला फ्लू झाला असेल तर तो तुमच्या उंबऱ्यातून आलाय, आणि मी तो लशीने थोपवू दिला नाही. सगळ्या रात्री हेच डोक्यात फिरतंय. तेव्हा टोचलं म्हणून गेला असं वाटत राहिलं. आता टोचलं नाही म्हणून काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?

चाकांना साखळ्या लावून पेट्रोलचा टँकर वर नेणाऱ्या एका माणसाच्या पाया पडून हे पत्र देतेय. वाईट असेल तरी लिहा. काहीही असेल तरी लिहा.

झूरा


तेरेक-बुलाक, १४ डिसेंबर

झूराबाई,

आधी हे वाचा, मग बसा आणि पाणी प्या: बेगिमाय बरी आहे. बाळ बरं आहे. आत्ता माझ्यासमोर बसून ती तुमच्या सफरचंदांपैकी शेवटचं खातेय आणि बिया ह्यांच्या ताटात टाकतेय.

आता सगळं नीट सांगते. शिव्या तुम्ही बरोबर दिल्यात, पण चुकीच्या लोकांना. गावातली विचारपूस ऑक्टोबरातच आटोपली होती आणि तिच्यातून कुणालाच काही झालं नाही. राहिला होता माझा धाकटा दीर एसेन. तो आणि जाऊ हिवाळी कुरणावर असतात. त्यांना माझी बातमी उशिरा पोचली. नोव्हेंबर सरता सरता त्यांची लॉरी अंगणात येऊन उभी राहिली, आत पोराबाळांसकट सगळा कुटुंबकबिला. मी तेव्हा गोवऱ्यांच्या ढिगावर चढून गोवऱ्या रचत होते. जाऊ खालून बघतच राहिली.

"अगं वहिनी, तू तर मरायला टेकली होतीस म्हणे!"

"महिना झाला त्याला. तेव्हाही टेकले नव्हते."

"बरी झालीस म्हणून काय झालं? आमची विचारपूस राहिलीच की. लोक काय म्हणतील?"

आणि मला ढिगावरून उतरवून घट्ट मिठी मारली. मारली आणि माझ्या मानेवर खोकली. एसेन नाक ओढत होता, पोरं शेंबडी. त्यांना दारातून परत कसं पाठवणार? भाकरी मोडली, चहा झाला, मुक्काम झाला. तुम्ही म्हणता तसंच, वाट्या बेगिमायनेच भरल्या. मी दोनदा उठले, दोनदा जावेने मला खाली बसवलं, "तू आजारी माणूस, बस."

ते गेले आणि आधी हे पडले. मग तालाय. एवढा दांडगा गडी, रिकाबीत पाय न ठेवता घोड्यावर चढणारा, आणि दोन दिवस त्याला स्वतःचे बूट काढता येईनात. हे तापात त्या मेंढ्याची माफी मागत होते. मला दोन-तीन दिवस शिंका आल्या, घसा खवखवला, पण पायांवर होते. गेल्या वर्षीची मी आणि यंदाची मी! झूराबाई, चूल, गाय, दोन आजारी पुरुष, सगळं मी केलं आणि करताना मला रडू येत होतं की देवा, मला श्वास घेता येतोय.

मग एका संध्याकाळी बेगिमायचं कपाळ तापलं.

मी रायकानला बोलवायला बर्फातून स्वतः गेले. गुडघे त्या दिवशी मुकाट्याने चालले. ती आली, छाती तपासली, गोळ्या दिल्या, सकाळ-संध्याकाळ येत राहिली. मी रात्रभर बेगिमायच्या उशाशी बसले, गेल्या वर्षी ती बसली होती तशी. पोटावर हात ठेवून बसले होते. बराच वेळ काहीच नाही. तुमचा तो मुलगा माझ्या मनातून जाईना. मी त्याला म्हटलं, बाळा, तुझ्या बहिणीच्या पोटातल्याला तिथेच थांबव. आणि पहाटे आतून अशी लाथ बसली माझ्या तळहाताला! दुसऱ्या दिवशी ताप उतरला. तिसऱ्या दिवशी तिने कच्चे जर्दाळू मागितले.

आता खरी गोष्ट. तुमचा शब्द मी मोडला नाही, कारण मोडायला काही उरलंच नव्हतं. तुमच्या लेकीने लस माझ्याही आधी घेतली होती. मी तुम्हाला विचारणारं पत्र लिहायच्या दोन-तीन दिवस आधीच.

मला कसं कळलं ते सांगते. मी टोचून आले, दुसऱ्या दिवशी कणीक मळायला बसले आणि डावा हात उचलेना. म्हणून तो परातीच्या कडेला ठेवला. आणि माझा तिथे ठेवलेला हात बघून मला तिचा हात आठवला. मी वर बघितलं. ती चहाची वाटी भरत होती, खाली बघून. वाटी भरून सांडली तरी खालीच बघत राहिली. मी फडकं आणून सांडलेला चहा पुसला. मी त्या दिवसापासून तिच्यावर वैतागायचं सोडून दिलं आणि तुम्हाला कणकेचं परत घेते म्हणून लिहिलं. तुम्हाला सांगायला हवं होतं. पण तुमचं मुलाचं पत्र आलं आणि मग माझी हिंमत झाली नाही.

ताप उतरल्यावर मी तिला विचारलं, आईपासून का लपवलंस? ती म्हणाली, "आपा, मला त्या बाळाचं ठाऊक आहे, मावशीने कधीच सांगितलं होतं. आईला विचारलं असतं तर तिला हो किंवा नाही म्हणावं लागलं असतं. काहीही म्हणाली असती आणि मला काही झालं असतं, तर ते तिने स्वतःलाच लावून घेतलं असतं. एकदा तिने ते जन्मभर वाहिलंय. पुन्हा मी तिच्यावर कसं टाकू?"

आणि मी शहाणी बसले तुम्हाला पत्र लिहून विचारत! तिने सांगितलं होतं, आईला कशाला विचारता. ऐकलं नाही.

रायकान म्हणते, लस नसती तर काय झालं असतं हे कुणीच सांगू शकत नाही, पण घेतलेल्यांना सहसा सोपं जातं, आणि थोडं बळ पोटातल्यालाही पोचतं. तालायकडे बघून आणि तिच्याकडे बघून मला जे समजायचं ते समजलं. मी तुमच्या लेकीची ऋणी आहे. एकदा तिने मला जगवलं, आणि यंदा माझा नातू किंवा नात.

रागावायचं तर माझ्यावर रागवा.

साल्किन


तेरेक-बुलाक, १२ फेब्रुवारी

झूराबाई,

मुलगी झाली. वेळेवर, धडधाकट, ओरडते तर सतारच्या गाडीचा भोंगा फिका पडतो. कपाळ तुमचं आहे. रुसते तेव्हा भुवया अगदी तुमच्या पत्रासारख्या होतात.

डिसेंबरापासून तुमची एक ओळ नाही. टँकर आला, त्यात तुमचं पत्र नव्हतं. घाट उघडला, सतार आला, नुसती सफरचंदं देऊन गेला. तुम्ही रागावला आहात. गाडीचा आवाज आला की बेगिमाय खिडकीशी जाते.

चाळीस दिवस बाळ कुणाला दाखवायचं नाही हा आपला रिवाज मी यंदा दाराला खिळ्याने ठोकल्यासारखा पाळतेय. जाऊ पुन्हा आली होती. तिला उंबऱ्यावरच भाकरी दिली, चहा दिला, खिडकीतून बाळाचा आवाज ऐकवला आणि परत पाठवलं. गावात माझं नाव खराब झालंय. होऊ दे.

पाळणा आईच्या आईनेच आणायचा असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. मेंढ्याची आशा धरू नका, तो तुम्हाला ठाऊक आहे कसा गेला. पण तुम्ही याच.

साल्किन


तोकमोक, २० फेब्रुवारी

माझ्या साल्किन,

मी रागावले नव्हते. डिसेंबरात तुमचं पत्र आलं ते मी उभ्यानेच वाचलं, आणि मग खाली बसून पुन्हा वाचलं. उत्तर लिहायला घेतलं की पहिल्या ओळीलाच रडू यायचं आणि कागद खराब व्हायचा. शिवणाऱ्या बाईला ओला कागद पाठवायची लाज वाटते. म्हणून नुसती सफरचंदं पाठवली. बेगिमायला सांगा, तिच्या आईला पत्र लिहिता येत नव्हतं म्हणून ती गप्प होती.

मला वाटायचं की मी त्या बाळाचं दुःख लपवून तिला वाढवलं. आणि ती पोर मलाच जपत होती! इतक्या वर्षांत मला कुणी म्हटलं नाही की हे ओझं तुझं एकटीचं नाही. तिने म्हटलंही नाही, नुसतं दुसरं ओझं माझ्यावर येऊ दिलं नाही. आणि तुम्ही, विहीणबाई, त्या रात्री माझ्या मुलाशी बोललात. त्याच्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं, मीसुद्धा. याचे उपकार मी कशाने फेडू, मला समजत नाही.

पाळणा तयार आहे. मेंढा मी आणतेय, सतारला सांगून ठेवलंय की त्याला बोट लावशील तर याद राख. गोधडी जवळजवळ झाली. एक कड शिवायची राहिलीय, ती तिथेच येऊन शिवेन. कारण आज मी दवाखान्यात जाऊन आले.

हिवाळा सरत आला, आता कशाला घेता, असं तिथली नर्स म्हणाली. मी म्हटलं, डोंगरात एक लहानगी आहे, तिला अजून टोचता येत नाही, आणि तिच्या दारात एक विहीण बसलीय, ती जावेलाही आत सोडत नाही. तेव्हा तिने शोधून एक काढली. मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले, तेव्हा तिने मला आधी पाणी दिलं. मग विचारलं, कोणत्या हातात? सगळे डाव्यात घेतात.

मी उजवा पुढे केला. चाळीस दिवस पुरे होतील तेव्हा दुखणं कधीच थांबलेलं असेल, हे मलाही कळतं. तरीही डावा मी राखून ठेवलाय, त्यावर नात घ्यायची आहे.

अक्षर वेडंवाकडं आलंय. समजून घ्या.

झूरा